अंशतः मंजूर

माझ्या आईचं नाव तिच्या माहेरच्या सातबाऱ्यावर होतं. प्रत्येक भांडणात थोरले मामा हेच सांगायचे, "नाव लावलंय की तुझं, आणखी काय पाहिजे?" तो उतारा मी पहिल्यांदा नीट पाहिला २०११ साली. भोगवटादार म्हणून, म्हणजे जमिनीचे धारक म्हणून, दोन्ही मामांची नावं होती. पार उजवीकडे 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहिला होता त्याच्या खाली, आईचं. आजोबा १९९८ साली गेले तेव्हा वारसनोंद झाली ती अशी. बहिणीचं नाव इतर हक्कात घालायची आमच्या सातारा भागात तेव्हा रीतच होती. कुणी त्यावर बोललं नाही, आईसुद्धा नाही.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मराठीतल्या चुका काढते. त्यामुळे कोर्टातली मराठी मला काही जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती. ही समजूत पुढे महागात पडली.

जमीन नऊ एकर, वडिलोपार्जित. आजी आजोबांच्या आधीच गेलेली. मागे तीन मुलं: थोरले मामा, आई, धाकटे मामा. २०११ च्या दिवाळीत कळलं की रस्त्याकडेच्या दीड एकराचं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून थोरल्या मामांनी विसार घेतलाय. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर आईने विषय काढला. काय बोलणं झालं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. ओवाळणीची साडी मात्र ती तिथेच ठेवून आली. जानेवारी २०१२ मध्ये तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल झाला.

वकीलपत्रावर सही करतानाच आई अडली. "वादी म्हणजे वाद घालणारी ना? वाद तर दादाने काढला." वकीलसाहेब हसले, म्हणाले, जो कोर्टात आधी येतो तो वादी. दाव्यातली मागणी होती, 'सरस-निरस मानाने वाटप होऊन वादीस तिच्या हिश्शाचा स्वतंत्र कब्जा मिळावा.' सरस-निरस हा शब्द मला फार आवडला. एकाला नुसती विहिरीखालची काळी आणि दुसऱ्याला नुसता मुरूम असं व्हायचं नाही, चांगलं-वाईट दोन्ही वाटायचं. एवढी गोष्ट या एका जोडशब्दात मावते.

फाईलमधल्या प्रत्येक कागदाला निशाणी पडते. दाव्याची अर्जी निशाणी १. तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक वेळा पाचवा येतो, म्हणून 'निशाणी पाच' हे त्या अर्जाचं नावच होऊन बसलंय. "निशाणी पाचवर युक्तिवाद आहे", "निशाणी पाच नामंजूर झाली", असं सगळे वकील बोलतात, मग फाईलमध्ये तो अर्ज सातवा असला तरी. आमच्या निशाणी पाचवर हुकूम झाला: उभय पक्षांनी दावा मिळकतीबाबत पुढील आदेशापर्यंत जैसे थे परिस्थिती ठेवावी.

त्या संध्याकाळी गावात दोन्हीकडे आनंद होता. मामा म्हणत होते, जमीन आमच्याकडे होती तशी आमच्याकडेच ठेवली. आम्ही म्हणत होतो, विक्री थांबली. दोघांचंही खरं होतं. 'जैसे थे' म्हणजे ज्याच्या हातात जे आहे ते तिथेच, ना पुढे ना मागे. मनाई एका पक्षाला असते, जैसे थे दोघांनाही. वकीलसाहेबांनी आणखी एक काम केलं, ते तेव्हा फालतू वाटलं होतं. दावा चालू असल्याची नोटीस त्यांनी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतली. दावा चालू असताना कुणी जमीन घेतली तर तो निकालाने बांधला जातो, हा कायदा देशभर आहे. महाराष्ट्रात मात्र त्याचा फायदा हवा तर ही नोटीस नोंदवावी लागते. साठेखतवाला माणूस ती नोटीस पाहून विसार परत मागायला गेला.

मग कैफियत. कैफियत म्हणजे जुन्या दप्तरातली गावची हकीकत, हे मला माहीत होतं. इथे ती प्रतिवादीची लेखी बाजू. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत ती यायला हवी. मामांची सव्वा वर्षाने आली. मध्ये कैफियतीशिवाय दावा चालवायचा हुकूम झाला, मग तो रद्द करायचा अर्ज, मग थोडा खर्च भरून घेऊन परवानगी. कैफियतीशिवायच्या या हुकमाला वकील आपसात 'नो डब्ल्यूएस' म्हणतात. डब्ल्यूएस म्हणजे रिटन स्टेटमेंट, कैफियतच.

कैफियत मी आईला वाचून दाखवली, ही माझी चूक. त्यात तीन गोष्टी होत्या. आईच्या लग्नाचा खर्च भावांनी केला. १९९६ साली आजोबा हयात असतानाच तोंडी वाटप झालं. आणि आईने तलाठ्यापुढे हक्क सोडला. हे सगळं अपेक्षित होतं. आई थबकली ती सुरुवातीच्याच एका वाक्याला: 'दाव्याच्या कलम २ मध्ये दिलेली वंशावळ या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. सदरचे नाते वादीने शाबीत करावे.'

तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "शाळेच्या वाटेवर ओढ्याला पाणी आलं की दादा मला पाठीवर घ्यायचा. आता मी त्याची बहीण आहे हे मी शाबीत करायचं?" दोन दिवस ती जेवली नाही नीट.

वकीलसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, मामांनी ते वाचलंसुद्धा नसेल." कैफियतीत जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही, ती कबूल केली असं धरलं जातं. म्हणून प्रतिवादीचा वकील काहीच कबूल करत नाही. कलम १ नाकबूल, कलम २ नाकबूल, असं शेवटपर्यंत लिहीत जातो, त्यात बहीणही नाकबूल होऊन जाते. पुढे मुद्दे निघाले तेव्हा नात्याचा मुद्दा निघालाच नाही, कारण मामांच्या वकिलांनी तोंडी सांगून टाकलं की त्याबद्दल वाद नाही. आईच्या दृष्टीने तो तिथे संपला नाही.

मुद्दे निघणं म्हणजे न्यायाधीशांनी भांडणातून नेमके प्रश्न काढणं. मिळकत वडिलोपार्जित आहे का? पूर्वी वाटप झालं का? वादीने हक्क सोडला का? ज्याने शाबीत करायचं त्याचं नाव त्या प्रश्नातच असतं: 'प्रतिवादी शाबीत करतात काय की...' आमच्या दाव्यात ही ओळ यायला २०१५ उजाडलं. तोवर 'तहकूब' हा शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीइतका रुळला होता. साहेब रजेवर, तहकूब. समोरचा मुदत अर्ज, तहकूब. रोजनाम्यात एक ओळ, आणि पुढची तारीख.

उलटतपासणी २०१६ च्या उन्हाळ्यात झाली. सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूने द्यायची साक्ष, हल्ली शपथपत्रावर होते, ती वकिलांनी लिहून दिलेली असते. उलटतपासणी मात्र स्वतःच्या तोंडाने. आई पिंजऱ्यात उभी. समोरचे वकील मामांच्याच वयाचे, फार अदबीने बोलणारे.

"मावशी, हे म्हणणं खरं आहे की तुमचं लग्न थाटामाटात झालं?"

"हो."

"सगळा खर्च माहेरच्यांनी केला?"

"माहेरच्यांनीच करायचा असतो."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "हे खरे आहे की, माझ्या लग्नाचा खर्च माहेरच्या लोकांनी केला." आईचं पुढचं वाक्य, म्हणजे तेव्हा आजोबा धडधाकट होते आणि खर्च त्यांचा होता, ते तसंच हवेत राहिलं. प्रश्न विचारलेला नव्हता. मी मागच्या बाकावर बसून बोटं मोडत होते. मग वकील म्हणाले, "माझं तुम्हाला असं सांगणं आहे की १९९६ साली तुमच्या वडिलांनी तोंडी वाटप केलं होतं." आई गप्प. तिला वाटलं, ते सांगताहेत, आपण ऐकायचं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "बाई, हे खरं की खोटं, की तुम्हाला माहीत नाही?"

आई म्हणाली, "असं काही घडलंच नाही साहेब. घडलं असतं तर अण्णांनी मला सांगितलं असतं."

त्याचं झालं, 'हे म्हणणे खरे नाही की, १९९६ साली तोंडी वाटप झाले.' आणि सगळ्यात शेवटी, प्रत्येक साक्षीदाराच्या जबाबात असते ती ओळ: 'मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' संध्याकाळी जबाबाची प्रत वाचताना माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला होता. आई जे बोलली त्यातलं एकही वाक्य तिथे नव्हतं. आणि तरी त्यात खोटं काही नव्हतं.

जुलै २०१७ मध्ये निकाल लागला. आमचे वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होते. त्यांच्या ज्युनिअरचा फोन आला, "ताई, दावा मंजूर. अंशतः मंजूर आहे, पण हिस्सा दिलाय." मी 'मंजूर' ऐकलं. 'अंशतः' हा शब्द माझ्या कानावर पडला होता, खरं सांगते, पण मला वाटलं खर्च वगैरे दिला नसेल. घरी पेढे आणले. आईने देवापुढे ठेवले आणि एक पुडा मामांकडे पाठवायचा का, असं विचारलं. मी नको म्हटलं.

नकलेचा अर्ज सावकाश टाकला, दीड-दोन महिन्यांनी. जिंकलेल्याला नकलेची घाई कशाला? नक्कल हातात आली ती एसटी स्टँडच्या बाकावर वाचायला घेतली. मुद्दे एका बाजूला, निष्कर्ष दुसऱ्या बाजूला. वडिलोपार्जित आहे काय: होकारार्थी. तोंडी वाटप झाले काय: नकारार्थी. हक्क सोडला काय: नकारार्थी. वादी मागणीप्रमाणे मिळण्यास पात्र आहे काय: अंशतः होकारार्थी. मग शेवटचं पान. 'वादीचा दावा मिळकतीत १/९ हिस्सा असल्याचे जाहीर करण्यात येते.'

आम्ही मागितला होता १/३.

हिशेब असा होता. जुन्या कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क फक्त मुलग्यांना. आजोबा वारले त्याच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं मनाने धरायचं: आजोबा, थोरले मामा, धाकटे मामा, प्रत्येकी तीन एकर. मग आजोबांच्या तीन एकरांचे वारस तिघं. आईला एक एकर, मामांना चार-चार. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही जन्माने सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, झाली खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात म्हटलं होतं की त्या तारखेला मुलगी आणि वडील दोघंही हयात पाहिजेत. आजोबा १९९८ सालीच गेलेले. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच मुलींना हा हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. आईचं लग्न १९८३ चं. दोन्ही कायद्यांच्या फटीत आई नेमकी बसली होती. न्यायाधीशांनी त्यांच्यापुढच्या कायद्याप्रमाणे बरोबरच केलं होतं.

वकीलसाहेब म्हणाले, अपील करू. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज टाकल्यापासूनचे. पेढे खाण्यात गेलेले वजा होत नाहीत. आम्हाला ४२ दिवसांचा विलंब झाला होता. तेव्हा अपिलाबरोबर विलंब माफीचा अर्ज, त्यात 'पुरेसे कारण'. वकिलांच्या कारकुनांनी मसुदा आणला: 'अर्जदार ही अशिक्षित व अडाणी असून...'

आईने शपथपत्रावर सही करायचं नाकारलं. "मी सातवी पास आहे. खोट्यावर सही नाही करायची."

"मावशी, सगळे असंच लिहितात."

"लिहू देत."

शेवटी 'अर्जदारास कायद्याचे ज्ञान नसल्याने व निकालाचा अर्थ समजण्यात चूक झाल्याने' असं लिहिलं. ते अक्षरशः खरं होतं, फक्त ती चूक अर्जदाराची नव्हती, तिच्या मुद्रितशोधक मुलीची होती. विलंब माफ झाला, समोरच्यांना हजार रुपये खर्च देऊन.

आता आई अपीलार्थी झाली आणि मामा उत्तरवादी. अपील आपलं, म्हणजे मामांना आता बचावच करायचाय, असं मला वाटत होतं. तोच त्यांच्याकडून क्रॉस ऑब्जेक्शन आलं. 'क्रॉस' म्हटल्यावर मला पुन्हा पिंजरा दिसला. मराठीत त्याला उलट हरकत म्हणतात, आणि यात मराठी शब्दच जास्त स्पष्ट आहे. स्वतः अपील न केलेल्या पक्षालाही, अपिलाची नोटीस मिळाल्यावर महिन्याच्या आत, निकालातल्या आपल्याविरुद्धच्या भागावर हरकत घेता येते. मामांचं म्हणणं, एक एकरसुद्धा द्यायला नको होतं. म्हणजे आम्ही तीन मागायला गेलो आणि हातातला एकही पणाला लागला.

अपिलात साक्षी नसतात. खालचं सगळं रेकॉर्ड मागवून घेतात आणि त्यावर बोलायचं. खालचा हुकूमनामा, म्हणजे निकालावरून निघालेला हुकूम, कायम होतो, रद्द होतो, त्यात बदल होतो, नाही तर प्रकरण फेरचौकशीसाठी खाली परत जातं. या शेवटच्याला वकील रिमांड म्हणतात, आणि पक्षकार सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात, कारण मग मुद्दे, साक्षी, तहकुबी, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

थोडं विषयांतर. या सगळ्या काळात मला कळलं की कोर्टाची मराठी एक नाही, तीन आहेत. दावा, कैफियत, दरखास्त, रोजनामा, तहकूब, हुकूमनामा ही फारसी अमदानीतली, दगडी पायरीसारखी झिजून गुळगुळीत झालेली. अपीलार्थी, उत्तरवादी, पुनर्विलोकन ही नंतर घडवलेली. आणि वकील आपसात बोलतात ती इंग्रजी. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ सालापासून मराठी आहे, पण ती कोणती मराठी हे कुणी ठरवलेलं नाही. घडवलेल्या शब्दांची मला जरा धास्तीच आहे. पुनर्विलोकन म्हणजे ज्याने हुकूम दिला त्यानेच आपला हुकूम पुन्हा पाहणं. पुनरीक्षण म्हणजे खालच्या कोर्टाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन काही केलं का, हे उच्च न्यायालयाने पाहणं. या दाव्याच्या कितीतरी आधी, एका जाहीर नोटिशीच्या मुद्रितात मी 'पुनरीक्षण'चं 'पुनर्विलोकन' केलं होतं, एकाच मजकुरात दोन शब्द नकोत म्हणून. छापून आल्यावर संबंधित वकिलांचा जो फोन आला, तो अजून आठवतो.

अपील चालू असताना फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला, कर्नाटकातल्या दानम्मा यांच्या प्रकरणात. वडील २००१ साली वारलेले, तरी मुलींना हिस्सा दिला. आता दोन निकाल दोन दिशांना. आमचे वकील खूश, समोरचेही निवांत, कारण दोघांकडे दाखवायला एकेक निकाल. जिल्हा न्यायाधीशांनी तारखा लांबवल्या.

त्यातच २०१९ साली थोरले मामा गेले. हृदयविकाराचा झटका, रात्रीतून. आम्ही गेलो. आई मामींच्या गळ्यात पडून रडली. सात वर्षांत त्या दोघी पहिल्यांदा बोलल्या. परतीच्या वाटेवर मी वकीलसाहेबांना कळवलं, कारण कळवणं भाग होतं. ते म्हणाले, "वाईट झालं. मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतील, नाही तर अपील त्यांच्यापुरतं संपेल. आणि वाटपाच्या अपिलात एक गळला की सगळंच अडचणीत येतं."

मृत्यूचा दाखला लागणार होता. तो मामींकडेच मागायचा, की ग्रामपंचायतीतून परस्पर काढायचा? आईने स्वतः फोन केला. मामेभावाने दाखला व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली काही न लिहिता. पुढच्या तारखेला अपिलाच्या शीर्षकात दुरुस्ती झाली. उत्तरवादी क्रमांक १, मयत, तर्फे कायदेशीर वारस: १-अ मामी, १-ब मामेभाऊ, १-क मामेबहीण. ते मुद्रित मीच तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

११ ऑगस्ट २०२० ला, लॉकडाऊनमध्ये घरी बसलेली असताना, वकीलसाहेबांचा मेसेज आला. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी ठरवलं की मुलगी जन्मानेच सहदायक आहे, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. फुलवतीचा निकाल मोडीत निघाला. तोंडी वाटपाची सबबही सहजासहजी ऐकायची नाही, सार्वजनिक दस्तांचा भक्कम आधार लागेल, हेही त्यात होतं.

"पण हा निकाल २०२० चा, आपला २०१७ चा," मी म्हटलं.

"आपला कुठे झालाय अजून? अपील म्हणजे दाव्याचंच पुढे चालणं. अपील चालू आहे तोवर दावा जिवंत."

म्हणजे त्या ४२ दिवसांचा विलंब माफ झाला नसता, तर २०१७ चा हुकूमनामा पक्का होऊन बसला असता आणि हा निकाल आम्ही वर्तमानपत्रात वाचला असता. हे मी आईला सांगितलं नाही.

मार्च २०२२ मध्ये अपिलाचा निकाल लागला. या वेळी मी कोर्टात हजर होते. 'अपील मंजूर करण्यात येते. उलट हरकत फेटाळण्यात येते. खालील न्यायालयाच्या हुकूमनाम्यात १/९ ऐवजी १/३ असा बदल करण्यात येतो.' आता सहदायक चार धरले होते: आजोबा, दोन्ही मामा आणि आई. प्रत्येकी पाव हिस्सा, आणि आजोबांच्या पावाचे तीन भाग. पाव अधिक एक बारांश म्हणजे एक तृतीयांश. तीन एकर. मी बाहेर येऊन वकीलसाहेबांना तीनदा विचारलं, "अंशतः नाही ना?" नक्कल त्याच दिवशी मागितली. पेढे आणले नाहीत.

उच्च न्यायालयात आम्ही कॅव्हेट टाकून ठेवलं, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका अशी सूचना. ती ९० दिवस टिकते. मामांकडून त्या ९० दिवसांत काहीच झालं नाही. झालं ते नंतर. गावात बातमी फुटली, "हायकोर्टातून स्टे आणलाय." आम्ही दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, सुरू करणार होतो, ती भीतीने थांबवली. सहा-सात आठवडे गेले. शेवटी एका संध्याकाळी मी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आईचं नाव घालून शोधलं. दुसरं अपील होतं खरं, पण त्याला फक्त स्टँप नंबर होता. म्हणजे कागद खिडकीवर दिलेत, कार्यालयाने त्रुटी काढल्यात, त्या अजून दूर केलेल्या नाहीत, रजिस्टर नंबरसुद्धा पडलेला नाही. 'स्टँप'चा 'स्टे' गावात झाला होता, आणि मी, शब्दांवर पोट भरणारी बाई, तो सात आठवडे खरा मानून बसले होते. अपील केलं म्हणून अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, वेगळी मिळावी लागते. हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्यांनाही उशीर झाला होता. त्यांचाही विलंब माफीचा अर्ज होता, आता इंग्रजीत. कारण: अपीलकर्ते अशिक्षित आणि ग्रामीण भागातले. मामी तीस वर्षं अंगणवाडीत शिकवत होत्या. मी आईला भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

दुसरं अपील म्हणजे पहिल्यासारखं सगळं पुन्हा तपासणं नव्हे. त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उभा राहत असेल तरच ते दाखल करून घेतात. 'दाखल केलं' आणि 'दाखल करून घेतलं' यांत एका 'घेणे'चा फरक आहे. पहिलं पक्षकार करतो, दुसरं न्यायालय. बातमीदार हे दोन्ही सर्रास एकच समजतात. मी आता मुद्रितात तेवढा एक फरक हट्टाने जपते.

दरखास्त २०२३ मध्ये टाकली. शेतजमीन शासनाला आकार, म्हणजे सारा, देणारी, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे तिचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. कागद जिल्हाधिकाऱ्यांकडून तहसीलदारांकडे, तिथून भूमी अभिलेखकडे. मोजणीची तारीख लागली नोव्हेंबर २०२४ मध्ये. भूकरमापकाने यंत्र लावलं आणि नावं वाचली. आईने सवयीने "हजर" म्हटलं. बांधावरचा एक दगड सापडेना. धाकटे मामा काही न बोलता गेले, ऊस बाजूला सारला आणि पायाने माती उकरून दगड दाखवला. "अण्णांनी लावलेला," ते म्हणाले, नेमकं कुणाला ते कळलं नाही.

वाटपाचा तक्ता अजून मंजूर व्हायचाय. त्यात कुणाला कुठला तुकडा, ते सरस-निरस पाहून. दरम्यान १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, आणि आमचा जिल्हा तिकडे गेला. दुसरं अपीलही मुंबईहून तिकडे गेलंय, दाखल करून घ्यायचं की नाही याच टप्प्यावर. वकील म्हणतात, पक्षकाराने यायची गरज नाही. आईला यायचंच आहे. सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येतं, आणि अंबाबाईचं दर्शनही होईल. परवा पिशवी भरता भरता तिने विचारलं, "तालुक्याला मी वादी होते, जिल्ह्याला अपीलार्थी. कोल्हापुरात कोण?"

"उत्तरवादी क्रमांक एक."

"बरं," म्हणाली, आणि ओटीचं सामान वर ठेवलं.